वैशाखातली तुळस आणि वराहमिहिराची साक्ष

अंगणातली तुळस वाळली म्हणजे घरावर काही तरी येऊ घातले आहे, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. सुशिक्षित घरांत ती उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही, इतकेच. पण मे महिन्याच्या एखाद्या सकाळी वृंदावनातील तुळशीची पाने पिवळी पडून देठाशी गळू लागली की वडीलधाऱ्यांची नजर प्रथम सुनेकडे वळते. दिवे लागल्यावर पान तोडले का, द्वादशीस हात लावला का, सोवळे मोडून पाणी घातले का, अशी विचारपूस सुरू होते. कायद्याच्या धंद्यात वावरणाऱ्या माणसास ही चौकशीची रीत चमत्कारिक वाटल्याशिवाय राहत नाही. येथे आरोपी आधी ठरतो आणि पुरावा मागाहून जमवला जातो; ज्या उन्हाने व वाऱ्याने दिवसाढवळ्या गुन्हा केला त्यांचे नावही कोणी घेत नाही.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी खचित नव्हे. एका रोपट्याच्या वाळण्याचा ठपका कित्येक सासुरवाशिणींनी मुकाट्याने वाहिला आहे, आणि हा ठपका शास्त्राच्या नावाने ठेवला जातो. तेव्हा शकुन व उत्पात यांचा जो सर्वमान्य जाणता, त्यालाच साक्षीस बोलावणे न्यायाचे ठरेल. भोपाळकरांच्या सुदैवाने असा साक्षीदार शेजारीच, उज्जयिनीस, होऊन गेला.

तथापि साक्ष ऐकण्यापूर्वी जागा पाहून घेतली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि भोपाळ हे नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्यापूर्वी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; पण सरकारी दप्तर भोपाळास हलले आणि त्या दप्तरामागोमाग अनेक मराठी कुटुंबे नागपूर सोडून इकडे आली. इंदूर व ग्वाल्हेर येथूनही आली. त्यांना जी सरकारी घरे मिळाली ती ज्या वस्तीत होती तिला तात्या टोपे यांचे नाव दिलेले होते. परक्या मुलखात आपल्या नावाची एक तरी खूण, हे समाधान त्या मंडळींना वाटले असल्यास नवल नाही. घर लागले की दारात तुळस लागली, हे सांगावयास नकोच.

नागपूरकरांना ऊन नवे नव्हते. नागपूरचा उन्हाळा भोपाळच्या वरताणच आहे. नवी होती ती जमीन. भोपाळ हे विंध्याच्या वालुकाश्मावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेले गाव. टेकड्यांच्या उतारावर काळ्या मातीचा थर कोठे हातभर, कोठे वीतभर, आणि त्याखाली खडक. ही माती पाणी धरते खरी. पण एकदा वाळली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. उलट तिच्यात पाणी तुंबून राहिले तर मुळांना वारा मिळत नाही व ती कुजतात. कोकणातून वा गोव्यातून आलेल्या माणसास आणखी एक फरक जाणवतो. तिकडे वैशाखातही समुद्राची ओल हवेत असते. मंदिरापुढचे वृंदावन उन्हात तापले तरी वारा कोरडा नसतो. येथे चैत्राच्या अखेरीपासून पश्चिमेचा कोरडा वारा वाहू लागतो, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि पानांतून पाणी इतक्या वेगाने उडते की मुळांना ते पुरविता येत नाही. त्यात वृंदावन चिऱ्याचे वा सिमेंटचे, चारी बाजूंनी तापणारे, आणि आत माती घमेलाभर.

आता साक्षीदाराकडे वळू. वराहमिहिर हा आदित्यदासाचा पुत्र. बृहज्जातकाच्या अखेरीस तो स्वतःला आवंतिक म्हणजे अवंतीचा म्हणवितो. त्याच्या पंचसिद्धांतिकेतील गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ हा आहे. त्यावरून त्याचा काळ सहावे शतक ठरतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्याच्या काळाची व ग्रंथांची चर्चा केली आहे, ती मराठी वाचकांनी मुळातून पाहावी. त्याची बृहत्संहिता हा ज्ञानाचा एक अफाट बाजारच आहे. ग्रहांचे चार, पर्जन्याचे अंदाज, घरबांधणी, रत्ने, सुगंधी द्रव्ये, जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा, असे सर्व काही तेथे मिळते. त्यातच ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा एक लहानसा अध्याय आहे. काही प्रतींत तो ५४ वा, काहींत ५५ वा. नावातच मिहिर म्हणजे सूर्य असलेल्या, घराण्याने सूर्योपासक असलेल्या या माणसाने उन्हाने झाडांना काय होते ते लिहून ठेवावे, यात एक मौज आहे.

तो म्हणतो की थंडी, वारा व ऊन यांच्यामुळे झाडांना रोग होतो. लक्षणे चार सांगतो: पाने पांढरट-पिवळी पडणे, नवी पालवी न वाढणे, फांद्या वाळणे व रस पाझरणे. भोपाळच्या तुळशीचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही. येथे पौष-माघातल्या थंडीने अर्धमेली झालेली तुळस पुढे फाल्गुनातल्या वाऱ्याने व वैशाखातल्या उन्हाने पुरती वाळते; म्हणजे वराहमिहिराने नोंदविलेली तिन्ही कारणे एकामागून एक हजेरी लावून जातात. या यादीत घरातल्या कोणाचेही आचरण नाही. सोवळे नाही, तिथी नाही, नजर नाही.

विरुद्ध पक्षाचा वकील येथे उभा राहील व म्हणेल की हाच वराहमिहिर उत्पातांच्या अध्यायात झाडे वाळणे हा उत्पात मानतो, त्याचे काय? आक्षेप बिनतोड दिसतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उत्पातांच्या अध्यायात झाडांचे विकार खरोखरच दिले आहेत. अकाली फुले येणे, वाळलेले झाड पुन्हा फुटणे इत्यादी. पण वाळण्याविषयी लिहिताना त्याने एक विशेषण घातले आहे. झाड निरोगी असून वाळले, तर तो उत्पात. कायद्याचा अर्थ लावताना कोणताही शब्द निरर्थक घातला आहे असे मानू नये, हा नियम आम्हांस पहिल्या वर्षी शिकवितात. तो येथे लावला म्हणजे अर्थ स्वच्छ होतो. उत्पात म्हणण्यापूर्वी झाड निरोगी होते हे सिद्ध झाले पाहिजे, आणि रोग कोणते ते त्यानेच दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे. ज्या झाडाला ऊन व वारा बाधला आहे ते निरोगी नव्हेच. मग त्याचे वाळणे उत्पात कोठून?

बरे, उत्पात आहे असे घटकाभर गृहीत धरले तरी त्याचे फळ कोणास? निरोगी झाडे वाळल्याचे फळ तो वीर्याचा व अन्नाचा क्षय असे सांगतो. ही आपत्ती प्रदेशावरची आहे. दैवी उत्पाताचे फळ आठ ठिकाणी मिळते असेही त्याने म्हटले आहे. राजा स्वतः, त्याचा पुत्र, कोश, वाहने, नगर, पत्नी, पुरोहित आणि प्रजा. सारी यादी राजाच्या भोवतीची आहे. सरकारी घरात राहणाऱ्या कारकुनाच्या सुनेवर ही नोटीस बजावता येणार नाही.

कारण उघड असले म्हणजे शकुनाची भाषा आपोआप बंद पडते, याचा भोपाळइतका दारुण अनुभव दुसऱ्या कोणत्या गावाने घेतला असेल, असे वाटत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे गेली आणि आसपासच्या झाडांची पाने पिवळी पडून गळली. त्या वस्त्यांतील तुळशीही वाळल्या असतीलच. त्या घरांत कोणी सुनेस दोष दिला असेल, हे संभवत नाही. ऊन मात्र रोजचे, ओळखीचे व बिनआवाजी; म्हणून ते सुटते आणि संशय माणसावर येतो.

साक्ष येथे संपत नाही. वराहमिहिर रोगाबरोबर चिकित्साही देतो, आणि तिचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी शस्त्राने शोधन, म्हणजे वाळलेला भाग कापून टाकणे; नंतर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप; नंतर दूध घातलेल्या पाण्याचे सिंचन. आपण याच्या उलट करतो. रोप मलूल दिसताच तांब्यावर तांबे ओततो. वाळल्या फांद्यांना मात्र कोणी हात लावीत नाही, कारण तुळशीस लोखंड लावावयाचे नाही असे आपण ऐकलेले असते. वस्तुतः वाळकी डहाळी व पिकलेल्या मंजिऱ्या काढल्या नाहीत तर उरलीसुरली शक्ती बी धरण्यात जाते. लेपाचे प्रयोजन जखम उघडी राहून वाळू नये, हे उघड आहे. तूप नसले तरी ओल्या मातीचा व शेणाचा हात पुरे. दुधाविषयी मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. ब्राझीलमध्ये १९९९ साली बेत्तिओल या संशोधकाने काकडीच्या जातीतील एका भाजीवर पाणी घातलेले दूध फवारून भुरी रोग आवरल्याचे दाखवले, हे खरे. पण तो रोग बुरशीचा होय. उन्हाने वाळलेल्या तुळशीच्या मुळाशी दूध ओतल्याने मुंग्या येतील, एवढाच लाभ.

वराहमिहिराच्या मागून चार-पाच शतकांनी सुरपाल नावाच्या वैद्याने ‘वृक्षायुर्वेद’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने माणसांप्रमाणे झाडांचेही विकार वात, पित्त व कफ असे विभागले. कडू, आंबट, खारट व तीक्ष्ण द्रव्यांच्या अतिरेकाने पित्तविकार होतात व पाने पिवळी पडतात, असे त्याचे म्हणणे आहे. उन्हाने पिवळ्या पडलेल्या रोपास जोर यावा म्हणून आज जे लोक मूठभर रासायनिक खत टाकतात, त्यांनी हे वाक्य वाचावे. खताचे क्षार वाळलेल्या मातीत मुळांतले पाणी उलट ओढून घेतात. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. ते तेथून मिळवून, डॉ. नलिनी साधले यांच्या भाषांतरासह, १९९६ साली सिकंदराबादच्या संस्थेतर्फे प्रकाशात आणण्याचे श्रेय डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांना आहे. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात असताना १९६६ साली भाताच्या खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या उणिवेत आहे, हे दाखवून देणारे शास्त्रज्ञ ते हेच. पानावरचा डाग पाहून कारण शोधीत जमिनीत उतरणारा माणूस उतारवयात वृक्षायुर्वेदाकडे वळला, यात आश्चर्य नाही.

पाण्याविषयी वराहमिहिराचा नियम एका ओळीत मावतो. उन्हाळ्यात सकाळी व संध्याकाळी, हिवाळ्यात एक दिवसाआड, पावसाळ्यात जमीन वाळली तरच. भर दुपारचे नाव त्यात नाही. दुपारी तुळस मान टाकते ती पुष्कळदा केवळ उन्हाला तोंड देण्याची तिची रीत असते. दिवस मावळला की ती पुन्हा सावरते. पहाटेसही मान खाली असेल तरच मुळांशी काही बिघडले आहे असे समजावे. शिवाय भोपाळात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे पाणी येते ते हात भाजेल इतके तापलेले असते. कालिदासाच्या शाकुंतलात, दुर्वासाच्या शापाची बातमी नाजूक प्रकृतीच्या शकुंतलेस सांगावी की नाही असा प्रश्न येतो तेव्हा तिची सखी विचारते की नवमालिकेवर कढत पाणी कोण घालील. तेथे ती उपमा आहे. आमच्याकडे दुपारी दोन वाजता ती प्रत्यक्ष घडते.

सकाळ-संध्याकाळचे पाणीही वाळल्या काळ्या मातीत भेगांवाटे सरळ खाली निघून जाते व मुळांपाशी थांबत नाही. यावर उपाय मात्र आपल्या देवळांतच टांगलेला आहे. वैशाखात शंकराच्या पिंडीवर जी गळती बांधतात, संस्कृतात गलंतिका, ती वाचकांच्या परिचयाची आहे. उज्जयिनीस महाकालावर वैशाख कृष्ण प्रतिपदेपासून ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत ११ मडक्यांची गळती असते. त्या मडक्यांना नद्यांची नावे देतात. (तिकडचा महिना पौर्णिमान्त असल्याने ही प्रतिपदा आपल्या पंचांगात चैत्र वद्यात येते, हे लक्षात ठेवावे.) ओरिसात मेष संक्रांतीस, एप्रिलच्या मध्यास, तुळशीवर तळाला भोक असलेले मडके टांगून त्यातून थेंब थेंब पाणी पडू देतात. देवाच्या मस्तकावर जे पिंडीस, तेच तुळशीस; यात कोणाच्या धर्मबुद्धीस धक्का लागण्याचे कारण नाही. चीनमध्ये इ. स. पूर्व पहिल्या शतकातल्या फान शंग-चिह् याच्या शेतीच्या पुस्तकात वेलींच्या मुळाशी मातीचे मडके पुरून त्यातून पाणी झिरपू देण्याची कृती आहे. वर टांगावे की खाली पुरावे, एवढाच फरक. थेंब दोन सेकंदांस एक पडेल असे भोकात सूत घालावे. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला ९० मिलिलिटर होतात आणि दोन लिटरचे मडके सुमारे २२ तास चालते. एका रोपास एवढे पुष्कळ झाले. कुंडी लहान असल्यास दिवसाआड भरावे.

थेंबाचा हिशेब करता करता भोपाळकराचे मन मोठ्या तलावाकडे जाणे स्वाभाविक आहे. कोलांस नदीवर मातीचा बांध घालून तो राजा भोजाने केला, असे परंपरा सांगते. भोज परमार अकराव्या शतकातला, आणि गावापासून सुमारे ३० किलोमीटरवरच्या भोजपुरात त्याचे अपुरे राहिलेले शिवालय व एका प्रचंड तलावाच्या बांधांचे अवशेष आजही दिसतात. तो तलाव मात्र नाही. माळव्याच्या होशंगशहाने पंधराव्या शतकात बांध फोडला, असे म्हणतात. १८८८ साली विल्यम किंकेड या अधिकाऱ्याने गोंडांत ऐकलेली हकीकत लिहून ठेवली आहे. बांध फोडण्यास फौजेला तीन महिने लागले, तलाव रिता होण्यास तीन वर्षे लागली आणि पुढे तीस वर्षे त्याचा तळ वस्तीयोग्य झाला नाही. तलावाचा विस्तार त्याने २५० चौरस मैल अंदाजला आहे, तो आकडा आम्हांस फार फुगलेला वाटतो. एवढे पाणी नाहीसे झाल्याने माळव्याची हवा पालटली, असा प्रवादही त्याने नोंदविला आहे. हा ऐकीव पुरावा झाला. त्यावर निकाल देता येत नाही. पण वृक्षायुर्वेदाच्या अध्यायाचा पहिलाच श्लोक असा आहे की ज्यांच्या काठी सावली नाही ते जलाशय मनाला रुचत नाहीत, म्हणून पाण्याच्या काठी बागा लावाव्यात. पाणी व सावली यांची जोडी अवंतीच्या लोकांनी तोडली नव्हती. आपण वृंदावन नेमके उलट जागी ठेवतो. सिमेंटच्या अंगणाच्या मध्यावर, जेथे दिवसभर एक वीत सावली येत नाही.

तात्या टोपे नगरातील जुनी सरकारी घरे आता बरीच पाडली गेली आणि त्यांच्याबरोबर अंगणातली वृंदावनेही गेली. नव्या सदनिकांत तुळस सज्जातल्या कुंडीत असते. पश्चिमेचा सज्जा असेल तर तिची अवस्था अंगणातल्याहून कठीण. अशी कुंडी देव्हाऱ्याच्या दिशेचा फार आग्रह न धरता पूर्वेस न्यावी, निदान दोन प्रहरानंतर तिच्यावर जुने धोतर वा पातळ आडवे बांधावे. मातीत बोट पेरभर घालून पाहावे. आत ओल असूनही पाने पिवळी असतील तर पाणी कमी नसून जास्त झाले आहे, आणि तेव्हा कुंडीच्या तळाचे भोक मोकळे करणे हीच चिकित्सा. कोरडी असेल तर वरची माती खुरप्याने हलवून भेगा बुजवाव्यात, थोडी वाळू व जुने कुजलेले शेणखत मिसळावे आणि वर वाळल्या पानांचा दोन बोटे थर द्यावा. वराहमिहिर नव्या जमिनीत आधी तीळ पेरून ते फुलावर आले म्हणजे मातीतच तुडवावयास सांगतो; कुंडीपुरते तेच काम हा पाला करील. मग खोडावर नखाने किंचित खरवडावे. सालीखाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. तो हिरवा भाग जेथे लागतो त्याच्या वर कापावे, लेप द्यावा आणि गळती बांधावी. पंधरा दिवसांत पेरापाशी कोंब दिसू लागतो.

खोड बुडापर्यंत तपकिरी निघाले तर मात्र खटपट करू नये. तुळस मुळातच काही वर्षांचे आयुष्य घेऊन आलेली असते. खोड लाकडासारखे झाले आणि मंजिऱ्या अनेकदा येऊन गेल्या म्हणजे ती जाणारच. त्याच झाडाच्या मंजिऱ्या चुरून बी कागदात बांधून ठेवावे. भोपाळात पाऊस बहुधा मृगाच्या उत्तरार्धात वा आर्द्रात लागतो. त्या सुमारास बदललेल्या मातीवर बी नुसते भुरभुरावे, खोल पुरू नये. जुने खोड वाळवून त्याचे मणी करावेत.